शुक्रवारचे दोन तास

जेवण झाल्यावर नानांना अर्धा तास ताठ बसवून ठेवावं लागतं. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया मंदावते. लगेच आडवं झालं तर अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पाठीला उशा लावून, उजवा हात मांडीवर नीट ठेवून ते बसतात आणि मी त्यांच्यासमोर बसते. या वेळात मला उठता येत नाही. ठसका लागला तर जवळ माणूस हवं. हातांना मात्र काही काम नसतं. असे अर्धे तास दिवसभरात पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या वेळात माझी क्रोशाची सुई चालते.

नाना माझे सासरे. गाव हर्णै. सासूबाई गेल्यावर त्यांना तिथे एकटं ठेवायचं नाही असं आम्ही ठरवलं. मुलाने आईवडिलांना इथे शारजात आणायचं तर पगाराची अट असते, व्हिसा वर्षाचाच मिळतो आणि दरवर्षी नवा करावा लागतो. आरोग्यविमा बंधनकारक, आणि त्याचा हप्ता वयाबरोबर चढत जातो. सासूबाईंच्या मृत्यूच्या दाखल्यावर शिक्के मारून घेण्यातच कितीतरी दिवस गेले. शेवटी नाना अल कासिमियातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आले. छान रुळले, खालच्या मशिदीजवळच्या बाकावर बसणाऱ्या केरळी आणि पठाणी म्हाताऱ्यांशी त्यांची ओळखही झाली. मग एका पहाटे उजवी बाजू लुळी पडली.

माझे यजमान दुबईत नोकरी करतात. शारजात राहून दुबईला नोकरी करणाऱ्यांचं आयुष्य ज्यांनी पाहिलंय त्यांना अल इत्तिहाद रोडबद्दल वेगळं सांगायला नको. सकाळी साडेसहाला गेलेला माणूस रात्री आठला येतो. त्यामुळे दिवसभर नाना आणि मी. मी एका व्यापारी कंपनीत हिशेब पाहत होते, ते काम सोडलं. तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. रात्री अंगातून वाफा निघाव्यात तसं व्हायचं, झोप मोडायची. त्यात नानांची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. अलार्म लावून उठायची सवय झाली, पण उजवा खांदा धरला तो धरलाच.

क्रोशा मला आईने शिकवला. आमच्या लहानपणी ही कला रुखवतासाठी होती. तोरण, गोल रुमाल, ताटावरची झाकणं, पुढे टीव्हीवरची आवरणं. मांडायचं, चार बायकांनी पाहायचं, नंतर पेटीत ठेवायचं. आईची बोटं सुरेख चालत, आणि इतकं देखणं काम पेटीत का ठेवायचं हे मला तेव्हाही कळत नसे. लग्नानंतर माझी सुई मागे पडली. नानांच्या आजारपणात ती पुन्हा हातात आली, याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, एखादा निसटला की खालपर्यंत धाव जाते. क्रोशात उघडा असतो तो एकच फास. नानांनी हाक मारली, ठसका लागला, बेल वाजली, तरी तो फास जरा लांब ओढून काम आहे तिथे टाकून उठता येतं. परत येऊन ओढून घट्ट केला की पुढचा टाका सुरू. आजारी माणसाजवळ बसणाऱ्या बाईसाठी याहून सोयीचं हस्तकाम मला माहीत नाही. क्रोशाचं खरं काम यंत्राला अजून जमलेलं नाही, बाजारात क्रोशा म्हणून दिसतं त्यातलं बरंचसं यंत्रावर विणलेलं, तसं दिसणारं कापड असतं. जगात कुठेही खरा क्रोशा दिसला की तो कुणाच्या तरी हातचा असतो, हे मला फार आवडतं.

बाहेर पंचेचाळीस अंश असताना लोकर कशाला, असं भारतातून फोनवर विचारतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उन्हात मजुरांना कामाला लावायला इथे कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला बाहेर नेण्याचा प्रश्नच नाही. तीन-साडेतीन महिने आम्ही एसीत असतो, आणि म्हाताऱ्या अंगाला एसीची थंडी बोचते. रोल्याच्या बाजारात शिवणकामाचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथे तुर्की लोकर आणि सुती दोरा मिळतो. त्यातून मी नानांसाठी विणत गेले, आणि वापरातूनच काय चालतं, काय चालत नाही ते कळलं. मांडीवरचं पांघरूण गुडघ्याखाली फार उतरू द्यायचं नाही, चाकात अडकतं. वीण जाळीदार नको, अशक्त हाताची बोटं त्यात गुंततात, म्हणून मुक्या खांबांची घट्ट वीण. अंग पुसायला सुती दोऱ्याचे चौकोनी रुमाल टॉवेलपेक्षा मऊ पडतात, आणि उकळत्या पाण्यात धुता येतात. खुर्चीच्या हाताला अडकवायची पिशवी, त्यात चष्मा, रुमाल, जपमाळ. पायमोजे मात्र विणले नाहीत. फरशीवर ते घसरतात, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला पडणं परवडत नाही. हे शेवटचं सगळ्यांना सांगते, कारण आजारी माणसासाठी विणायचं म्हटलं की पहिल्यांदा पायमोजेच सुचतात.

नानांचं आणि माझ्या विणकामाचं नातं मात्र मी ठरवून जुळवलेलं नाही. एकदा मी खिडकीसाठी जाळीचा पडदा विणायला घेतला होता. साखळ्या आणि खांब, साखळ्या आणि खांब, असे चौकोन. नाना बराच वेळ पाहत राहिले. त्यांचं बोलणं आता सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. म्हणाले, “आस... सारखी नाय.” हर्णैला जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात. नाना पाणीपुरवठ्यात नोकरीला होते, पण त्यांचं लहानपण बंदरावर, जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या पंगतीत गेलेलं. आस लहानमोठी झाली की जाळं कसं ओढ खातं आणि कुठून फाटतं, हे त्यांनी मला त्या दुपारी तुकड्यातुकड्यांत सांगितलं. खरंच माझी घरं एका बाजूला आखडली होती. मी त्या ओळी उसवल्या. तेव्हापासून जाळीचं काही विणलं की आधी त्यांना दाखवते. फिजिओथेरपिस्टला हे सांगितलं तर तिने लोकरीची लडी नानांकडून गुंडाळून घ्यायला सुचवलं. डाव्या हाताने गुंडाळायचं, उजव्याने नुसतं धरून ठेवायचं. दोन्ही हात एकाच कामाला लागणं हा त्यांच्यासाठी व्यायामच आहे. गुंडा वेडावाकडा होतो, तसाच वापरते.

यातूनच अल खानला जायचं सुचलं. तिथे शारजाचं सागरी वस्तुसंग्रहालय आहे. हिवाळ्यातल्या एका शनिवारी यजमान आणि मी नानांना घेऊन गेलो. मोती काढणाऱ्यांची अवजारं, जुन्या लाकडी होड्या, आणि गरगूर. गरगूर म्हणजे मासे पकडायचा घुमटासारखा पिंजरा, पूर्वी खजुराच्या झावळ्यांचा विणत, नंतर तारेचा. नाना त्याच्यासमोरून हलेनात. मासा आत कसा जातो आणि बाहेर का येऊ शकत नाही, ते डाव्या हाताने हवेत आकार काढून दाखवत होते. होड्यांजवळ आल्यावर म्हणाले, “लाकूड... आपलंच.” आखाती गलबतांसाठी सागवान पिढ्यान्पिढ्या भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून येत असे. त्या दिवशी ते माझे रुग्ण नव्हते, मला काहीतरी दाखवणारे वडीलधारे होते. परतताना सूक अल जुबैलमधून सुरमई घेतली. त्यांच्यासाठी तिचं सार पातळ ठेवता येत नाही, घट्ट करावं लागतं, काटा न् काटा काढून मासा कुस्करावा लागतो. पण वास तोच, आणि वासाने घर भरलं की त्यांना बरं वाटतं.

आता जे सांगायचंय ते हे. नानांजवळ बसून मी विणते, ते पाहून लोक म्हणतात, “बरं आहे तुझं, छंद जोपासला जातो, विश्रांतीही मिळते.” ही विश्रांती नव्हे, हे मी ठामपणे सांगते. तिथे माझे हात विणत असतात, पण कान त्यांच्या श्वासावर असतात. पाळतीवर बसलेल्या माणसाचा वेळ त्याचा स्वतःचा नसतो. तो वेळ सुसह्य करायला क्रोशा फार उपयोगी आहे, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठातल्या दोन संशोधिकांनी जगभरातल्या ८,००० हून अधिक क्रोशा विणणाऱ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ ९० टक्क्यांनी विणताना शांत वाटतं असं सांगितलं. उत्तरं देणाऱ्यांत निम्मे ४१ ते ६० वयाचे, आणि बहुतेक सगळ्या बायका. हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. या वयात घरातलं कोणीतरी वरच्या टोकाला आजारी असतं, खालच्या टोकाला बारावीत असतं, आणि मधल्या बाईला शांततेची गरज असते. पण शांत वाटणं वेगळं आणि जबाबदारी काही वेळ खरोखर दुसऱ्याच्या खांद्यावर असणं वेगळं. दुसरी गोष्ट लोकर देऊ शकत नाही. ती घरातल्या माणसांनाच द्यावी लागते.

आमच्याकडे ती शुक्रवारी सकाळी मिळते. २०२२ च्या जानेवारीपासून शारजाने शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी सुरू केली. देशात इतरत्र शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं, शारजातल्या शाळा मात्र शुक्रवारी बंदच असतात. आमचा मुलगा घरी असतो. सात ते नऊ नाना त्याच्या ताब्यात. तोंड धुणं, औषध, घट्ट केलेला चहा, सगळं तो करतो. सुरुवातीला नानांना नातवाकडून लघवीचं भांडं लावून घ्यायला संकोच वाटत असे. यजमानांनी दोघांजवळ बसून शांतपणे समजूत घातली. आता आजोबा आणि नातू तेवढ्या वेळात जुने क्रिकेट सामने पाहतात, त्यातही १९९८ चे शारजातले सचिनचे डाव पुन्हा पुन्हा. स्टेडियम आमच्या घरापासून लांब नाही, याचा नानांना फार अभिमान.

त्या दोन तासांत मी अल मजाझला खालिद सरोवराच्या काठाने चालते. शुक्रवारी सकाळी शहर जुम्म्याच्या नमाजापर्यंत निवांत असतं. पाण्यावर वारा असतो. परतताना कॅफेटेरियातून करक चहा घेते आणि बाकावर बसून विणते. हे विणणं नानांसाठी नसतं. सध्या एक मोठी गर्द निळी शाल चालू आहे, माझी स्वतःची, ती कुणाच्या उपयोगाची असायची गरज नाही. शेजारची केरळची चेची आणि वरच्या मजल्यावरची लाहोरची बाजी कधीकधी सोबत येतात. बाजीला ओढणीच्या कडेला घालायची झालर इतकी सुंदर येते की तिच्याकडून मी ती शिकते आहे. तिची आई तिकडे अंथरुणाला खिळलेली आहे आणि ही इथे. तिचं दुःख माझ्यापेक्षा अवघड आहे असं मला नेहमी वाटतं.

गेल्या हिवाळ्यात जुन्या शारजातल्या वारसा महोत्सवात आम्ही तिघी गेलो होतो. तिथे इमिराती बायका तल्ली विणत बसल्या होत्या. समोर छोट्या तिवईवर उशी, उशीला टाचलेले दोरे, त्यांतून रुपेरी तार गुंफत जायची. २०२२ मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, आणि शारजातली इर्थी ही संस्था कारागीर बायकांना त्यातून रोजगार मिळवून देते. तिथली एक आजी बोटांकडे न पाहता विणत होती, शेजारणीशी बोलत होती, मधेच नातीचं नाक पुसत होती. चेची, बाजी आणि मी किती वेळ तिथे उभ्या होतो.

“सासरे आजारी आणि तू फिरायला जातेस?” असं एका नातेवाईक बाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं. उत्तर यजमानांनी दिलं. म्हणाले, “शुक्रवारचे दोन तास तिचे आहेत. नानांच्या गोळ्यांच्या तक्त्यावर ते लिहून ठेवलेत.” खरंच लिहिलेले आहेत. फ्रिजवर चिकटवलेल्या त्या कागदावर रक्तदाबाच्या गोळीच्या खाली माझं नाव आहे. उपकार म्हणून अधूनमधून दिलेला वेळ पहिल्याच अडचणीत काढून घेतला जातो, तक्त्यावर लिहिलेला वेळ सहसा जात नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलाला जमत नाही, तेव्हा हे दोन तास शनिवारी यजमान सांभाळतात.

तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कुणी अशी आजाऱ्याजवळ बसलेली बाई असेल, किंवा पुरुष असेल, तर “काही लागलं तर सांग” एवढं म्हणून थांबू नका. ती सांगणार नाही. आजाऱ्याला कसं बसवायचं, काय भरवायचं, ते तिच्याकडून एकदा शिकून घ्या, आणि वार व वेळ सांगून जा. गेल्यावर तिला घराबाहेर पाठवा.