धूर निवल्यानंतर

आम्ही चौघे वसतिगृहाच्या एकाच खोलीत वाढलो, म्हणून हे लेखनही चौघांचे आहे. परिपाठ, मैदान, सायंकाळची वंदना यांविषयी इतर सहाध्यायी लिहितीलच. आम्हांला एका पहाटेविषयी लिहावयाचे आहे.

आम्ही सातवीत होतो. महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन होऊन आठवडा झाला असेल. थंडी एका चादरीला जुमानत नव्हती. आमच्यापैकी एकाचे वडील वणीजवळच्या राजूर कॉलरीत कामगार. त्याने घरून येताना पिशवीत दगडी कोळसा आणला. स्वयंपाकघरामागची जुनी शेगडी आम्ही गुपचूप उचलली आणि अंगणात पेटवली. धूर खोलीत कोंडेल, एवढे आम्हांला कळत होते. म्हणून धूर पुरता निवून निखारे लाल होईपर्यंत थांबलो. मग शेगडी आत घेऊन दार-खिडकी घट्ट लावली. आपण फार सावध आहोत, असेच तेव्हा वाटले.

पहाटे चूल पेटवायला उठलेल्या मावशींना कण्हणे ऐकू आले. त्यांनी खांद्याच्या धक्क्याने दार उघडले. “दार कायले लावलं रे पोट्टेहो?” हे त्यांचे शब्द एकालाच आठवतात. उरलेल्या तिघांना आठवते ती व्हरांड्याची गार फरशी, ओकाऱ्या आणि दवाखान्यातील ऑक्सिजनची नळी. दुसऱ्या दिवशी कॉलरीतले काका आले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “खदानीत आमी या वायूले भेतो, अन् तुमी त्याले उशाशी घेऊन झोपले!”

त्या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, अंगातले त्राण जाते. झोपलेल्याला तेही कळत नाही. ब्रिटनच्या कोळसा खाणींत त्याची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. १९८६ मध्ये त्यांची जागा यंत्रांनी घेण्याचे ठरले.

धुराचेही असेच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १० बालके गेली. त्यांतील बहुतेक धुराने गुदमरली होती. ती बातमी वाचून आम्ही चौघे कित्येक महिन्यांनी एकमेकांशी बोललो आणि चारही घरी यंत्रे बसवली.

यंत्रे, कारण एकाने भागत नाही. धुराचा अलार्म आमच्या त्या निखाऱ्यांवर वाजला नसता. धूर होताच कुठे? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारे यंत्र तिसरेच. तेही हा वायू ओळखत नाही. दुकानदार कधी कधी तेच पुढे करतो, म्हणून खोक्यावर वाचून घ्यावे. धुराचा अलार्म छताला, झोपण्याच्या खोलीत किंवा तिच्या दारापाशी लावतात. दुसरा, झोपतो तिथे ऐकू येईल असा. बंद न्हाणीघरातला गॅस गीझरही हाच वायू सोडू शकतो. आणि अलार्म आहे म्हणून शेगडी आत घ्यावी, असे मात्र नाही.

एकाने धुराचा अलार्म बुद्धमूर्तीच्या वरच बसवला. अगरबत्ती लावताच त्रिशरणाच्या मध्येच तो किंचाळू लागला. वैतागून त्याने बॅटरी काढली आणि ती आठ महिने खणात पडून राहिली. हे कळल्यावर आम्ही त्याला जे बोललो, ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाही. आता यंत्र पलीकडच्या खोलीत आहे. दर पौर्णिमेला वंदना झाली की चौघेही आपापल्या घरी चाचणीचे बटण दाबतो, जाळीवरची धूळ पुसतो. यंत्राच्या पाठीमागे त्याची मुदत छापलेली असते. ती संपली की नवी बॅटरी घालूनही उपयोग नसतो, यंत्रच बदलावे लागते.

मावशी आता थकल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्या गावी जाऊन उशाकडच्या भिंतीवर यंत्र बसवले. शेगडी ओसरीत ठेवायला त्या कुरकुरतच तयार झाल्या. पुढच्या पौर्णिमेला त्यांच्या नातवाचा फोन आला, बटण दाबल्याचा आवाज आम्हांला ऐकू आला, आणि मागून मावशींचा: “बंद कर ते, मी जागीच हाओ.”