सरकती गाठ

आमच्या भालकीहून समुद्र पुष्कळ दूर. बिदर जिल्ह्यात पाण्याशी आमची ओळख मांजरा, कारंजा आणि विहिरी यांच्यापुरतीच. अशा गावी बसून खेळातल्या शिडाच्या होडीची दोरी कशी ताणावी, या विवंचनेत आम्ही एक अख्खा पावसाळा घालवला, हे ऐकून वाचकांस हसू आल्यास आमची तक्रार नाही.

निमित्त झाले आमचे मामा. देवगडच्या बंदरी गलबतांवर त्यांचे तारुण्य गेले. उतारवयात ते आमच्याकडे राहावयास आले ते स्वतः घडवलेली दीड हात लांबीची होडी घेऊन. कारंजाच्या जलाशयात ती सोडणे हा त्यांचा एकमेव विरंगुळा. परंतु मंद वाऱ्यात शिडाला पोट हवे, जोराच्या वाऱ्यात ते सपाट हवे; त्यासाठी डोलकाठीची मागची दोरी दर वेळी सोडून पुन्हा बांधावी लागे. एके सायंकाळी ती त्यांच्या कापऱ्या बोटांतून तीनदा निसटली. "हाताक गाठ जमना नाय रे आता," एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून होडी फडताळात गेली आणि मामांचे बोलणेही उणावले.

उपाय सुचला तो भजनात. ढोलकीच्या दोरांवरील पितळी कडी सरकवली की ताण चढतो, हे आम्ही लहानपणापासून पाहत होतो. त्या रात्री प्रथमच नीट पाहिले. पुढे वाचनात आले की लंडनच्या राउंड पाँड तळ्यावर १९व्या शतकापासून अशा होड्या सोडणारे शौकीन आहेत, आणि या खेळात तीन भोकांची एक इवलीशी चकती वापरतात. दोरी तिच्या दोन भोकांतून ओवून खालच्या कडीतून वळवावयाची आणि टोक तिसऱ्या भोकात कायमचे बांधावयाचे. ताण आला की चकती तिरपी होते आणि दोरी धरून ठेवते. ती सरळ केली की सुखाने सरकते.

बिदरचे नाव राखावे म्हणून पहिली चकती बिदरी धातूची केली. आमच्या ओळखीच्या कारागिराने आधीच बजावले होते, की जस्तात थोडे तांबे मिसळलेला हा धातू चांदीची तार बसवावयास उत्तम, पण पातळ केला की तडकतो. तसेच झाले. मग पितळी पत्रा घेतला. भोकांच्या धारेने दोन दिवसांत दोरी कापली. अखेरीस देवगडहून आलेल्या नारळाची करवंटी घासली. हलकी, चिवट, पाण्याला न भिणारी! भोकांच्या कडा गोल केल्या. चकती सहसा नखाएवढी असते. आम्ही ती मुद्दाम इंचभर लांब ठेवली, कापऱ्या बोटांना सापडावी म्हणून.

पौषातल्या एका सकाळी मामा जलाशयाच्या काठी उकिडवे बसले. अंगठ्याने त्यांनी चकती वर सारली, सोडली. ती जागची हलली नाही. पुन्हा थोडी खाली घेतली. शिडाकडे पाहिले, वाऱ्याकडे गाल केला आणि आम्हांस काही न विचारता होडी पाण्यात ढकलली.

घरी परतताना होडी आम्ही घेऊ लागलो, तर त्यांनी ती दिली नाही.