घंगाळ

आमच्या न्हाणीघरात एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. आता त्यात कोणी अंघोळीचं पाणी काढत नाही, आई त्यात चादरी भिजवते. काठाखाली बारीक टिंबांनी काहीतरी कोरलेलं आहे. लहानपणी मला ती वेलबुट्टी वाटायची. शाळेत असताना कधीतरी लक्षात आलं की ती उर्दू अक्षरं आहेत. मी आजीला विचारलं, तर म्हणाली, "मोगलाईतलं हाय ते." म्हणजे निजामाच्या राज्यातलं. मला तेवढं उत्तर पुरलं आणि विषय संपला.

तो पुन्हा निघाला एप्रिल २०२४ मध्ये. एप्रिलचं सोलापूर कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी चारपर्यंत कोणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. त्यात लोकसभेचा प्रचार, ७ मेला मतदान. महिनाभर आधी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम लागू झाले होते आणि फॅमिली ग्रुपवर काकांचे फॉरवर्ड सुरू होते. घुसखोर किती, आले कुठून, खातात कोणाचं. एक दिवस त्यांनी लिहिलं, "ज्याच्याकडे कागद नाही त्याने आल्या वाटेने जावं." खाली सात अंगठे. त्यातला एक माझ्या वडलांचा.

मी तो मेसेज आजीला वाचून दाखवला. खोडसाळपणा होता, कबूल करतो. आजी ऐकून घेऊन म्हणाली, "मग मला कुटं धाडतो म्हन की."

आजीचं माहेर नळदुर्गच्या अलीकडचं एक खेडं. आज हायवेने तासाभराचा रस्ता. पण १९४८ साली तो रस्ता एका देशातून दुसऱ्या देशात जात होता, आणि हे मी अलंकारिक म्हणत नाही. हैदराबाद संस्थान भारतात आलेलं नव्हतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला होता, बस्स. संस्थानाचं टपाल वेगळं, नाणं वेगळं. तिकडे हालीचा रुपया, इकडे कलदार. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाचं कस्टम्स. सोलापूर मुंबई इलाख्यात, आणि आजीचं गाव मोगलाईत.

रझाकारांचा त्रास वाढला तशी सरहद्दीवरच्या गावांतली माणसं सोलापूर, बार्शी अशी भारताच्या हद्दीत येऊ लागली. त्याच हद्दीवर स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्पही होते, तेव्हा धुमश्चक्री दोन्ही बाजूंनी चालू होती. आजीला सातवं लागलेलं. एका रात्री शेजारचं गाव पेटलेलं दिसलं आणि तिच्या वडलांनी, आण्णांनी, गाडी जुंपली. गाडीत ज्वारीची दोन पोती, एक शेळी, चार लेकरं. नाका टाळून ओढ्याओढ्याने गाडी हाकली. आजच्या भाषेत याला बेकायदा सीमा ओलांडणं म्हणतात.

"आमी काय कागदं घिऊन पळालाव व्हय?" आजी म्हणते. "शेळी घेटली तेच लई झालं."

सोलापूरने त्यांना हार घालून घरात घेतलं असं काही नाही. हे शहर स्वतःबद्दल अभिमानाने बोलतं, आणि बोलावं असं त्याच्याकडे आहे. १९३० चा मार्शल लॉ, त्यानंतर फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. गिरण्यांमुळे तेलंगणातली पद्मशाली माणसं इथे येऊन इथलीच झालेली. तरी आजीला आठवतं ते वेगळंच. पहिल्या दिवशी एका घरी पाणी मागितलं तर आधी जात विचारली. हालीचा रुपया दुकानदार घ्यायचे, पण कापून. खोलीचं भाडं "मोगलाईवाले" म्हटल्यावर वाढायचं. आणि तरीही कोणी त्यांना परत जा म्हटलं नाही. एका धर्मशाळेत महिना काढला, मग आण्णा गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १९५० ला राज्यघटना आली, १९५५ ला नागरिकत्वाचा कायदा. तोवर मोगलाईच उरली नव्हती. नाका चुकवून आलेली पोरगी काहीही न करता भारताची नागरिक झाली होती.

इथपर्यंतची गोष्ट काकांनाही पाठ आहे. ग्रुपवर मी ती लिहिली तर त्यांचं उत्तर तयार होतं : "ते आपले होते. आपल्या माणसाने आपल्या माणसाकडे येणं याला घुसखोरी म्हणत नाहीत."

मी बराच वेळ यावर विचार केला, कारण ते अगदीच खोटं नाही. आणि आपला देश आज त्याच न्यायाने चालतो. १९५१ च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. कोण पाहुणा आणि कोण घुसखोर, हे त्या त्या वेळचं नेतृत्व ठरवतं. १९५९ मध्ये दलाई लामा आले, नेहरूंनी आश्रय दिला. आज गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेट्यांची वसाहत आहे. त्याआधी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश माणसं आली, बहुतेक बायका-मुलं. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहिले आणि ते गांधीनगर झालं. २०१९ च्या कायद्यात मात्र तीन देश आणि सहा धर्म मोजून लिहिले. म्यानमारचा रोहिंग्या त्यात नाही, श्रीलंकेचा तमिळ हिंदू असूनही नाही. येणाऱ्यांची नोंद हवी, तपासणी हवी, सगळ्यांना घेता येणार नाही, हे सगळं मला मान्य आहे. पण मग नियम असा हवा की ज्यात माणसाला विचारलं जाईल, तू कशाला भिऊन पळालास. आपण विचारतो, तू कोणाचा.

हे आपलंच आहे असं नाही. काकांचा मुलगा मेलबर्नला असतो. तिथे ऑगस्ट २००१ मध्ये टाम्पा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून ४३३ माणसं वाचवली, बहुतेक अफगाण. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी त्यांना किनाऱ्याला लागू दिलं नाही, जहाजावर सैनिक चढवले. नोव्हेंबरात हॉवर्ड निवडणूक जिंकले. पुढे २०१३ मध्ये विरुद्ध पक्षाच्या केव्हिन रड यांनीही जाहीर केलं की बोटीने आलेल्याला ऑस्ट्रेलियात कधीच वसवणार नाही. भाऊ म्हणतो, "आम्ही रांगेत उभं राहून आलो, त्यांनीही राहावं." गाव पेटलेलं असताना रांग कुठे लावायची, हे विचारायचं राहून गेलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. माझ्या भावाच्या फायनल इयरची फी त्याने भरली होती.

घंगाळाचं मात्र यात कुठेच बसत नव्हतं. गाडीत पोती, शेळी, लेकरं. घंगाळ नाही. मी आजीला तसं म्हटलं. ती गप्प झाली, आणि मग पुढची गोष्ट सांगितली जी काकांना पाठ नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली. मेजर जनरल चौधरींची फौज सोलापूरहूनच निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ तारखेला निजाम शरण आला. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो. तो आहेच. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या, त्याची चौकशी करायला नेहरूंनीच पंडित सुंदरलाल यांना पाठवलं होतं. संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मेली असा त्यांचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद. हा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवलेला होता. आणि रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा वकील कासिम रझवी? तो तुरुंगात गेला, १९५७ ला सुटला, आणि त्याला पाकिस्तानात आश्रय मिळाला.

आण्णा दिवाळीच्या सुमारास गाव बघायला गेले. आपलं घर अर्धं जळालेलं. शेजारचं मुलाण्याचं घर उभं, पण दार सताड उघडं आणि आत कोणी नाही. ती माणसं गेली कुठे, हे गावात कोणी सांगेना. मुलाण्याची पोरगी आजीच्या बरोबरीची, दोघी एकत्र गोवऱ्या थापायच्या. आण्णा परत आले ते हे घंगाळ घेऊन.

"चोरलं?" मी विचारलं.

"तसलं बोलू नगं." मग जरा वेळाने, "लोकं समदंच नेत व्हते. आण्णा म्हनले, दुसऱ्यानं न्यायच्या आधी आपन नेऊ. आले तर देऊ."

"आले?"

तिने नुसती मान हलवली. पुढे लग्नात आण्णांनी ते तिलाच दिलं.

मी अक्षरांचा फोटो काढून कॉलेजातल्या मित्राला पाठवला. त्याने आपल्या अब्बांकडून वाचून घेतलं. एक नाव, गावाचं नाव आणि १३४१ फसली. म्हणजे १९३१-३२. नाव इथे लिहीत नाही. आजीला सांगितलं तर तिने माझ्याआधीच नाव घेतलं, आणि मग त्या पोरीचंही.

दुसऱ्या दिवशी आईने त्यात चादरी भिजवल्या. काकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ग्रुपवर तो सात अंगठ्यांचा मेसेज तसाच आहे. त्यातला वडलांचा अंगठा मात्र मधल्या काळात निघालाय. कधी काढला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.