स्वस्त यंत्राचे उरलेले काम

परदेशातून, विशेषतः चीनमधील शेन्झेन परिसरातील कारखान्यांतून, सुट्या भागांच्या खोक्यात येणारे स्वस्त छंदयंत्र हे बहुधा अपुरे राहिलेले यंत्र असते. त्याचे भाग निकृष्टच असतात असे नाही. परंतु भाग तयार झाल्यावर ते एकमेकांशी जुळवणे, काटकोन तपासणे, यंत्र काही तास चालवून पाहणे आणि दोष आढळल्यास पुन्हा खोलणे, ही जी कामे महाग यंत्राच्या बाबतीत कारखान्यातला जाणता कारागीर करतो, ती येथे ग्राहकाच्या टेबलावर येऊन पडतात. किंमत कमी होते ती बव्हंशी या सोडून दिलेल्या कामांमुळेच. त्यामुळे अशा यंत्राची घरी होणारी दुरुस्ती ही खरे तर त्याच्या निर्मितीचाच शेवटचा टप्पा आहे, आणि तो पार पाडणाऱ्याला यंत्राचे जे ज्ञान होते ते निर्दोष यंत्र विकत घेणाऱ्याला सहसा होत नाही. घरगुती थ्रीडी प्रिंटर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. १.७५ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची तार, जिला फिलॅमेंट म्हणतात, एक दातेरी चाक पुढे ढकलते. ती तापलेल्या धातूच्या ठोकळ्यात शिरून वितळते आणि ०.४ मिलिमीटर छिद्राच्या नोझलमधून बाहेर पडते; नोझल संगणकाने आखून दिलेल्या मार्गाने फिरत राहते आणि थरावर थर चढून वस्तू आकाराला येते. वितळलेली तार थरांनी रचण्याच्या या पद्धतीसाठी स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला होता आणि त्या पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी ‘रेपरॅप’ नावाचा प्रकल्प सुरू केला होता. स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापू शकेल असे यंत्र तयार करावे आणि त्याचे आराखडे सर्वांना मोकळे ठेवावेत, ही त्यामागील कल्पना होती. २००८ मध्ये ‘डार्विन’ या पहिल्या यंत्राने स्वतः छापलेल्या भागांतून दुसरे यंत्र उभे राहू शकते हे दाखवून दिले. आज बाजारात दिसणारी स्वस्त यंत्रे याच मोकळ्या आराखड्यांची वंशज आहेत. २०१८ मध्ये आलेला ‘एंडर ३’ हा त्यांतील फार लोकप्रिय नमुना, आणि त्याचे आराखडेही खुले करण्यात आले होते. ही वंशावळ येथे मुद्दाम सांगितली, कारण या यंत्राची घरी दुरुस्ती करता येते याचे मूळ कारण तिच्यातच आहे.

बिघाड शोधण्याची खरी परीक्षा होते ती ‘अपुऱ्या पुरवठ्या’च्या वेळी, म्हणजे नोझलमधून हवे तेवढे प्लॅस्टिक बाहेर पडत नाही तेव्हा. छापलेल्या वस्तूच्या भिंती विरळ दिसतात, थरांत फटी राहतात, बोटाने दाबल्यास वस्तू थरांवरच फाटते. लक्षण एकच, परंतु त्याची कारणे अनेक संभवतात: नोझलच्या छिद्रात जळका कण अडकला असेल, तापमान कमी पडत असेल, तारेत ओल शिरली असेल, दातेरी चाकाचे दात झिजले असतील. तार ज्या निसरड्या पांढऱ्या टेफ्लॉनच्या नळीतून जाते ती नळी नोझलला पूर्ण टेकली नसेल, तर मधल्या फटीत वितळलेले प्लॅस्टिक साचून तेथेच गोठते आणि वाट अरुंद होते. ही नळी २४० अंश सेल्सिअसच्या वर सतत तापवल्यास तिचे टोक विकृत होऊन हाच दोष पुन्हा उद्भवतो. सर्वांत फसवे कारण मात्र वेगळेच आहे. तार दातेरी चाकावर दाबून धरणारी जी प्लॅस्टिकची छोटी दांडी असते, तिला स्प्रिंगच्या ताणामुळे कालांतराने केसासारखी बारीक चीर पडते, आणि ही चीर बहुधा अशा बाजूला असते की दांडी सुटी केल्याशिवाय ती दिसत नाही. यंत्र चालते, चाक फिरते, परंतु पकड ढिली पडल्याने तार मधूनमधून घसरते; आणि वापरणारा मात्र नोझलमागून नोझल बदलत राहतो.

अशा वेळी मोजमाप हाच एक भरवशाचा आधार असतो. तारेवर, ती यंत्रात शिरते त्या जागेपासून १२० मिलिमीटरवर खूण करावी, यंत्राला १०० मिलिमीटर तार ओढण्याची आज्ञा द्यावी आणि खूण किती अंतरावर येऊन थांबते ते पट्टीने पाहावे. २० मिलिमीटर उरले तर हिशेब बरोबर आहे. २५ उरले तर यंत्राने ९५ मिलिमीटरच ओढले, आणि फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या मेंदूत कायम साठवलेल्या आज्ञावलीत, दर मिलिमीटर तारेला मोटरचे ९३ टप्पे नोंदवलेले असतील तर ती संख्या ९३ गुणिले १०० भागिले ९५, म्हणजे सुमारे ९७.९ करावी लागेल. परंतु हीच चाचणी नळी काढून, तार हवेत मोकळी सोडून पुन्हा केली आणि या वेळी बरोबर १०० मिलिमीटर तार आली, तर दोष आकड्यात नसून पुढच्या वाटेतील अडथळ्यात आहे हे सिद्ध होते. या दोन चाचण्यांतला फरक ज्याच्या ध्यानात येत नाही तो अडथळ्याची भरपाई आकडा वाढवून करतो, आणि नोझल साफ झाल्यावर तोच वाढवलेला आकडा नवा दोष बनून समोर उभा राहतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील जुना नियम येथे अक्षरशः लागू पडतो, आणि घरच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त मोडला जातो तोही हाच. रात्री उशिरा अधीर झालेला माणूस नोझल बदलतो, तापमान दहा अंशांनी वाढवतो आणि वेगही कमी करतो. वस्तू चांगली छापून निघते. परंतु तिन्हींपैकी कशामुळे निघाली हे त्याला कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार परतली की तो पुन्हा पहिल्या पायरीवर असतो. यंत्र सुरू झाले असले तरी त्याचे ज्ञान तसूभरही वाढलेले नसते. म्हणूनच यंत्राशेजारी ठेवलेली वही, जिच्यात तारीख, लक्षण, केलेला एक बदल आणि त्याचा परिणाम लिहिला जातो, हे या कामातले ॲलन कीइतकेच आवश्यक अवजार मानले पाहिजे.

विजेच्या बाबतीत मात्र चुकत शिकण्याची मुभा नाही. ज्यावर वस्तू छापली जाते तो चोवीस व्होल्टवर चालणारा तापता पाट, म्हणजे बेड, सुमारे ९ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत स्क्रूखालच्या ढिल्या सांध्याने केवळ ०.१ ओहमचा रोध निर्माण केला, तरी प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून त्या नखाएवढ्या जागेत आठ वॅट उष्णता तयार होते, आणि प्लॅस्टिकचा कनेक्टर करपायला तेवढी पुरते. विजेच्या तारांच्या टोकांना डाग देऊन, म्हणजे कथिल लावून, ती स्क्रूखाली दाबण्याची पद्धत अनेक स्वस्त यंत्रांत आढळते. परंतु कथिल मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकते आणि काही महिन्यांत घट्ट सांधा आपोआप सैल होतो. ते टोक कापून टाकून तारेवर धातूची छोटी टोपी दाबून बसवणे हा यावरचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. तापमान मोजणारा थर्मिस्टर हा दुसरा नाजूक भाग. तो २५ अंशांना सुमारे १ लाख ओहम रोध दाखवतो आणि तापमान वाढत जाते तसा त्याचा रोध घटतो. ३० अंशांच्या खोलीत मल्टिमीटरने तो सुमारे ८० हजार दिसला तर ठीक समजावे. तो ठोकळ्यातून निसटला तर यंत्राला ठोकळा थंडच वाटतो आणि ते उष्णता वाढवतच जाते. तापवूनही अपेक्षित वेळेत तापमान चढत नसेल तर वीज तोडणारी सुरक्षा फर्मवेअरमध्ये घालता येते. काही सुरुवातीच्या स्वस्त संचांत ती बंद ठेवलेली होती. ही काटकसर अक्षम्य आहे. काही ग्रॅम प्लॅस्टिकच्या खेळण्यासाठी झोपलेल्या घराला आगीच्या तोंडी देण्याचा अधिकार कोणत्याही कारखान्याला नाही.

आपल्याकडे या यादीत आणखी काही बाबींची भर पडते. ज्या पॉवर सप्लायच्या बाजूला ११५ आणि २३० व्होल्टचा छोटा स्विच असतो, तो ११५ वर राहिला तर भारतातील घरगुती वीज लावताच पॉवर सप्लाय जळतो. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असूनही तिसरी पिन अनेकदा कोठेच जोडलेली नसते; तेव्हा यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला हात लावला की झिणझिण्या येतात. या झिणझिण्या सौम्य असल्या तरी अर्थिंग नसल्याची ती सूचना आहे, आणि आत खरा दोष उद्भवला तर तोच सांगाडा प्राणघातक ठरू शकतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडी ठेवलेली प्लॅस्टिकची तार ओल धरते. नोझलमध्ये ती ओल वाफ होऊन चटचट आवाज करते आणि पृष्ठभाग खरबरीत निघतो. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा एवढ्याने हे टळते. थर्मिस्टर, पंखे, बेल्ट, कनेक्टर असे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत मिळतात, त्यामुळे एखादा भाग गेला म्हणून यंत्र टाकून देण्याची वेळ सहसा येत नाही.

अलीकडची घरगुती यंत्रे खोक्यातून काढताच चालतात, स्वतःची पातळी स्वतः जुळवतात, आणि ज्याला केवळ वस्तू हवी आहे त्याच्यासाठी ती निःसंशय अधिक चांगली आहेत. मात्र त्यांतील काहींचे भाग फक्त मूळ कंपनीकडेच मिळतात आणि आज्ञावली बंद असते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा विचार आहे. छंदयंत्रांचाही त्यात समावेश व्हावा, कारण शाळकरी मुले यंत्र म्हणजे काय हे बहुधा यांच्याच आधाराने शिकतात. तोवर यंत्र घेणाऱ्याने किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: सुटे भाग गावात किंवा जवळच्या शहरात मिळतात का, साध्या पान्यांनी यंत्र उघडते का, आणि त्याचे फर्मवेअर स्वतः बदलता येते का. तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली, तर थोडे पैसे जास्त मोजून दुसरे यंत्र घ्यावे.