दोन्ही पक्ष कबूल

जगात मध्यस्थाइतका उपयोगी आणि मध्यस्थाइतक्या शिव्या खाणारा प्राणी दुसरा नसेल. लग्न सुखाचं झालं तर मुलीचं नशीब, बिनसलं तर मध्यस्थाचं तोंड! माझा एक मामा जन्मभर ह्या व्यवसायात होता. (व्यवसायच म्हणायचा, त्यात मिळकत नव्हती एवढंच.) समजा मुलगा बारामतीचा आणि मुलगी इंदापूरची. मामा एस्टीने आधी इंदापूर गाठायचा, "तयार आहात ना?" असं विचारायचा आणि होकार मिळाला की तांबड्या वहीत टिपून घ्यायचा. मग बारामती. तिथला होकारही वहीत उतरला, की त्याखाली 'पक्कं' असा शेरा मारायचा आणि मगच सुपारी फुटायची. एकदा होकार दिल्यावर कोणी मागे फिरायचं नाही आणि सुपारी फुटेपर्यंत लग्न ठरलं असंही म्हणायचं नाही. मधल्या काळात मुलगी दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही, हा मामाचा कडक नियम.

मी संगणकवाला झालो आणि ह्या मामाला पुन्हा भेटलो. आता त्याचं नाव होतं 'डिस्ट्रिब्यूटेड ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर'. हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत पुढ्यातला चहा निवतो, म्हणून आम्ही त्याला डीटीसी म्हणतो. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली एसक्यूएल सर्व्हर ६.५ बरोबर ह्याला बाजारात आणलं. काम मामाचंच. दोन ठिकाणच्या दोन डेटाबेसांत मिळून एकच व्यवहार करायचा असेल, तर आधी दोघांना विचारायचं, दोघांचे होकार घ्यायचे आणि मगच 'करा' म्हणायचं. एकाने जरी मान हलवली तरी दोघांनीही काहीच करायचं नाही. होकार दिल्यापासून निकाल कळेपर्यंत ती नोंद कुलपात. मुलगी दाखवायची नाही, ते हेच.

ही दोन टप्प्यांची रीत जिम ग्रे ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७८ साली लिहून मांडली आणि पुढे तिची तुलना चर्चमधल्या लग्नाशी केली. पाद्री आधी दोघांना विचारतो आणि मग जाहीर करतो. साहेबाच्या लग्नात दोघांनाच विचारलं की भागतं, म्हणून त्याला हे सुचलं. त्याने आमची भावकी पाहिली असती तर गणित सोडून बोटीवरच राहायला गेला असता. हे मी थट्टेने म्हणतो खरं, पण ते पुरं करवत नाही. जानेवारी २००७ मध्ये हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच शिडाची बोट घेऊन समुद्रात गेला. बोटही सापडली नाही आणि तोही. पलीकडून उत्तरच आलं नाही तर काय करायचं, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर सोडवला, त्याच्याकडूनच उत्तर आलं नाही.

तर असा हा डीटीसी मला एका पतसंस्थेत बसवायचा होता. मुख्य कचेरी बारामतीला, शाखा इंदापूरला, दोन्हीकडचे हिशेब वेगळ्या डेटाबेसांत. इंदापूरच्या खात्यातून रक्कम काढून बारामतीच्या खात्यात टाकायची, तर तिकडे नावे आणि इकडे जमा ह्या दोन नोंदी एकदमच व्हायला हव्यात. नाही तर पैसे वाटेत जंक्शनला उतरतात. (ह्या रस्त्यावर जंक्शन नावाचं खरोखरीचं गाव आहे.) पूर्वी अशा अर्धवट रकमा 'उचंत' खात्यात टाकत. संस्थेचे जुने हिशेबनीस अण्णा म्हणाले, "उचंत म्हणजे आमच्या घरातला माळा. ठेवताना सगळे ठेवतात, काढताना मी एकटा."

आता प्रश्न असा, की मध्यस्थच आजारी पडला तर? मामाला एकदा हे झालं होतं. वहीत 'पक्कं' लिहिलं आणि विषमज्वराने अंथरूण धरलं. बारामतीत मुलगा तयार, इंदापुरात मुलगी तयार, आणि दोन्ही घरं एकमेकांकडे तोंड करून गप्प. पुढे जाववेना आणि मागे फिरवेना. शेवटी मामीने ती वही धाकट्या दिराच्या हातात दिली. त्याने वाचली आणि सुपारी फोडून आला.

फेलओव्हर क्लस्टर म्हणजे हा धाकटा दीर. दोन सर्व्हर शेजारी ठेवायचे. एक राबतो आणि दुसरा दर सेकंदाला "आहेस ना?" एवढंच विचारत बसतो. दिवसभर शेजाऱ्याच्या मरणाची वाट पाहायची आणि त्यासाठी वातानुकूलित खोली मिळायची, अशी नोकरी माझ्या पाहण्यात दुसरी नाही. दोघांत बोलाचाली तुटली तर दोघंही स्वतःलाच कर्ता पुरुष समजू लागतात, म्हणून मत द्यायला तिसरा साक्षीदार लागतो. आणि महत्त्वाचं म्हणजे मध्यस्थाची वही त्याच्या खिशात ठेवायची नाही. तिला दोघांना पोचेल अशी सामाईक डिस्क हवी. मध्यस्थाला स्वतःचं नाव हवं आणि स्वतःचा पत्ता हवा. म्हणजे पहिला पडला तरी दुसरा त्याच नावाने, त्याच पत्त्यावर, तीच वही उघडून बसतो.

बारामतीकरांना खरं तर एकाच गोष्टीवर विसंबू नये, हे सांगायला नको. ह्याच गावात राहून मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं परंपरा सांगते. एवढा बॅकअप मी अजून कुठल्याही बँकेत पाहिलेला नाही.

बसवणं मात्र सोपं नव्हतं. क्लस्टर बांधण्याआधी साध्या यंत्रांवर चाचणी घेतली तर बारामती आणि इंदापूर एकमेकांशी बोलेनात. डीटीसीला आकडी पत्त्यावर भागत नाही. ह्याने त्याला आणि त्याने ह्याला नावानेच ओळखलं पाहिजे. इंदापूरला बारामतीचं नाव ठाऊक होतं, बारामतीला इंदापूरचं घेता येत नव्हतं. उखाण्यासाठी अडून बसलेल्या नवरीसारखं! ते जमलं, तर दाराशी पहारेकरी आडवा. त्याची रीत अशी, की आधी १३५ क्रमांकाच्या खिडकीवर विचारायचं. ती सांगणार, आज साहेब ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंतच्या कुठल्या खोलीत बसलेत. आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे यंत्रं देणाऱ्या गृहस्थाने एकच यंत्र तयार करून बाकीची त्यावरून छापून काढली होती. त्यामुळे दोन्हीकडच्या डीटीसीचा ओळख क्रमांक एकच. एकच पत्रिका, एकच गोत्र, एकच माणूस! स्वतःशी लग्न कसं लावणार? डीटीसी उपटून पुन्हा लावला तेव्हा नवा क्रमांक मिळाला.

ह्या पायी मी बारामती-इंदापूर रस्ता पाठ केला. तुकोबांची पालखी ह्याच वाटेने सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करत जाते आणि बेलवाडीला रिंगण होतं. मी तेच अंतर दिवसातून दोनदा कापत होतो. माझं रिंगण दोन सर्व्हरांभोवती, आणि त्यात अश्व मीच.

सुरू करून पंधरा दिवस झाले होते. एक आजोबा नातीला घेऊन आले. नातीची कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख. पैसे आजोबांच्या इंदापूरच्या खात्यात, उसाच्या बिलाचे. बासष्ट हजार. मुलीने बारामतीत खातं उघडलेलं. कारकुनाने बटण दाबलं आणि नेमक्या त्या क्षणी आतल्या खोलीतल्या पहिल्या सर्व्हरच्या पॉवर सप्लायने राम म्हटला.

पडद्यावर चक्र फिरू लागलं. इंदापूरला फोन केला, तर ते खातं उघडतच नव्हतं. म्हणजे होकार देऊन बसलेलं. नातीने घड्याळ पाहिलं. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, हातानेच जमा टाका की! मागून बघू." माझ्या पोटात गोळा आला. मागाहून यंत्राने जमा केली असती, तर पोरीला एकाऐवजी दोन फिया मिळाल्या असत्या. आणि यंत्राने रद्द केली असती तर संस्थेचे बासष्ट हजार उचंतच्या माळ्यावर. इंदापूरच्या पडद्यावर अशा अडकलेल्या व्यवहाराची यादी दिसते आणि समोर तीन वाटा देते : पक्का करा, रद्द करा किंवा विसरून जा. बासष्ट हजार विसरून जा, असा सल्ला देणारं यंत्र मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी कारकुनाचा माउस आपल्या पंजाखाली घेतला. चहाच्या वेळी सांगितलेली मामाची गोष्ट त्यांनी चांगली पचवली होती. "वही वाचून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले.

दीड मिनिट गेलं असेल. कचेरीत दीड मिनिट इतकं लांबट मी पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या सर्व्हरने डिस्क ताब्यात घेतली, वही उघडली. दोन्ही होकार होते आणि खाली 'पक्का' असा शेराही होता. चक्र थांबलं. मुलीच्या खात्यात बासष्ट हजार जमा.

"आले, आजोबा!" मी म्हणालो.

आजोबा जागचे हलले नाहीत. "हितं आलं म्हनता ते झालं सायेब, पर तिकडनं गेलं का? न्हाय तर उद्या मागाल म्हाताऱ्याकडं."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नापास विद्यार्थ्याच्या शेजारचा मुलगा पहिला यावा. फोन उचलून म्हणाले, "इंदापूर? नावे पडलं का? ... किती? ... एकदाच ना?" आणि समोरच्या कागदावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

नात फी भरायला पळाली. आजोबांनी बंडीच्या खिशातून पासबुक काढून पुढे सरकवलं. "मग ह्येच्यावर छापून द्या."

"ते मात्र इंदापूरलाच छापून मिळेल," कारकून म्हणाला.

आजोबांनी पासबुक पुन्हा खिशात घातलं, टोपी नीट केली आणि विचारलं, "यस्टी किती वाजता हाय?"