नाव नसलेली तलवार

‘मला तलवार घ्यायचीय,’ असं मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा नवऱ्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग शांतपणे पोळीचा तुकडा मोडला. ‘आपलं काही भांडण झालंय का?’ एवढंच विचारलं.

भांडण वगैरे काही नव्हतं. आम्ही टोकियोच्या निशी-कासाईत राहतो. कोपऱ्यावर भारतीय किराणा, शेजारी तमिळ कुटुंब, नवरा आयटीत. एकदम टिपिकल! मी इथूनच फ्रीलान्स पत्रकारिता करते. एका लेखाच्या निमित्ताने र्‍योगोकु भागातल्या तलवारींच्या म्युझियममध्ये गेले. हे म्युझियम २०१८ पासून तिथे आहे. तासाभरात उरकून निघायचं होतं, पण तीन तास तिथेच होते. दिव्याखाली तलवारीच्या धारेलगत धुक्यासारखी एक पांढरी रेघ दिसते. तिला ‘हामोन’ म्हणतात. पात्याला मातीचा लेप देऊन, तापवून पाण्यात बुडवलं की धार कडक होते, पाठ चिवट राहते आणि मधली सीमा अशी उमटते. आमच्या घरी खंडेनवमीला पूजा व्हायची ती बाबांच्या पान्याची आणि आईच्या शिलाई मशीनची. पण तिथे मी काचेला नाक लावून उभी होते. बॉस, मी गेले कामातून!

पुढचा महिनाभर नेटवर नुसती शोधाशोध. आणि एका रात्री ती सापडली. पातं चकाचक, खाली कोतेत्सुची सही, किंमत फक्त एक लाख ऐंशी हजार येन. कोतेत्सु म्हणजे सतराव्या शतकातलं एदोमधलं सॉलिड नाव. आधी चिलखतं बनवायचा, मग तलवारींकडे वळला. मी कार्ड हातात घेतलं होतं. नवरा म्हणाला, ‘एवढं मोठं नाव एवढ्या स्वस्तात? आधी कुणाला तरी विचार.’

म्हणून गिन्झातल्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानातल्या आजोबांनी माझ्या मोबाइलवरचा फोटो बघितला आणि गोड हसले. कोतेत्सुच्या नावाने जेवढ्या खोट्या सह्या कोरल्या गेल्या, तेवढ्या फार थोड्या कारागिरांच्या वाट्याला आल्या. मोठं नाव दिसलं की आधी खोटंच समजायचं, असं त्यांचं म्हणणं. १९४८ साली स्थापन झालेली तलवार जतन संस्था तज्ज्ञांकडून तपासून प्रमाणपत्र देते. नवख्याने त्या कागदाशिवाय घेऊच नये. माझ्या कोतेत्सुकडे तो कागद नव्हता. मेकअप होता, बायोडेटा होता, सर्टिफिकेट गायब!

मग त्यांनी कपाटातून साध्या पांढऱ्या लाकडी म्यानातली एक वाकिझाशी काढली. वाकिझाशी म्हणजे तीस ते साठ सेंटिमीटरची आखूड तलवार. ही सत्तेचाळीसची. आधी तिला वाकून नमस्कार. मग धार वर ठेवून हळूच बाहेर काढायची. पात्याला बोट लावायचं नाही आणि त्याच्यावर तोंड नेऊन बोलायचंही नाही, कारण थुंकीच्या थेंबानेही गंज धरतो. मी गप्प बसलेली बघून नवरा जाम खूश.

आजोबांनी बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली. आतलं टोक काळपट गंजलेलं. हा गंज कधीच घासायचा नाही, कारण वय त्यावरूनच कळतं. त्यावर भोकं दोन, सही नाही. सोळाव्या शतकातली, सेकी घराण्याची, असं कागदावर होतं. सेकी हे आजच्या गिफूमधलं गाव, अजूनही चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध.

‘सही का नाही?’ मी विचारलं.

पुढच्या कुठल्यातरी मालकाला लांबी जास्त झाली असेल, ते म्हणाले. आखूड करताना मुठीकडून कापतात, टोकाकडून नाही. सही असली तर ती त्या तुकड्याबरोबर गेली. दुसरं भोक तेव्हाचंच.

मला एकदम कसंतरी झालं. त्याच महिन्यात माझी सहा आठवडे खपून केलेली कव्हर स्टोरी छापून आली होती, आणि नावाच्या जागी होतं ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. मी दोन दिवस धड जेवले नव्हते. आणि तीच मी, निव्वळ नाव बघून कोतेत्सुसाठी कार्ड काढून बसले होते! पातं मी बघितलंच कुठे होतं?

मग बघितलं. दिव्याखाली, वाकून, अर्धा तास. पोलादात लाकडासारखा पोत होता. कुणीतरी ते पुन्हा पुन्हा दुमडून ठोकलं होतं. सही गेली होती. काम जागच्या जागी होतं.

साडेतीन लाख येन. आपले दोन लाखांच्या आसपास. त्या बेनामी लेखाचं मानधन त्यातच गेलं. हिशेबाच्या वहीत नवऱ्याने लिहिलं, ‘सुरी, १’.

इथे तलवारीबरोबर नोंदणीचा कागद असावाच लागतो आणि मालक बदलला की वीस दिवसांत शिक्षण मंडळाला कळवावं लागतं. हो, शिक्षण मंडळाला! मी फॉर्म भरला. मालकाचं नाव या रकान्यात माझं नाव लिहिताना उगाच संकोच वाटला. चारशेहून जास्त वर्षांत किती नावं आली नि गेली असतील. भारतात न्यायची तर जपान सरकारची परवानगी लागते, शिवाय आपला शस्त्र कायदा आहेच. म्हणजे आम्ही परतलो की ती बहुधा इथेच, दुसऱ्या कुणाकडे तरी जाणार. तोवर तिला तेल लावायचं काम माझं. त्या तेलाला लवंगेचा वास असतो. पहिल्या दिवशी नवऱ्याने विचारलं, ‘दाढ दुखतेय का तुझी?’

म्हणून मी बायलाइनचा हट्ट सोडला असं समजू नका हं! त्याच आठवड्यात संपादकांना मेल टाकला, पुढच्या लेखाला नाव हवंच. त्या कारागिराला विचारलं असतं, तर त्यालाही हवंच असणार.

यंदा खंडेनवमीला तिच्यासमोर झेंडूची दोन फुलं ठेवली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

‘कुणी केलीय गं?’

‘नाही माहीत.’

‘छान केलीय,’ आई म्हणाली.