खिशातला माळा

जुन्या घरांत माळा असे. स्वयंपाकघराच्या वर आणि छपराच्या खाली, अर्ध्या अंधारात पसरलेली ती जागा घरातील माणसांना मोठी सोयीची वाटे. मोडका पाळणा, गळकी घागर, कोणाच्या तरी लग्नातील रुखवताची तोरणे, मुलांच्या जुन्या वह्या, असे जे जे वापरावयाचे नाही आणि टाकवतही नाही, ते ते सारे माळ्यावर जाई. माळा बिचारा कधी 'पुरे' म्हणत नसे. दिवाळीच्या आधी घरातील एखादा तरुण शिडी लावून वर चढे आणि खाली उभ्या असलेल्या वडील मंडळींना एकेक वस्तू दाखवून विचारी, "हे ठेवायचे की टाकायचे?" बहुतेक वस्तूंच्या वाट्याला 'राहू दे' हेच उत्तर येई.

पुढे शहरांतील घरे लहान झाली आणि माळे गेले. पण माणसाचा साठवण्याचा स्वभाव काही गेला नाही. आता तो आपला माळा खिशात घालून हिंडतो. त्या माळ्याचे नाव स्मार्टफोन. जुन्या माळ्यात आणि या माळ्यात फरक एवढाच, की हा मुका नाही. भरून गेला म्हणजे तो स्पष्ट सांगतो, 'जागा शिल्लक नाही.' मग नवे छायाचित्र निघत नाही, आलेले चित्र उघडत नाही आणि एरवी चपळ असलेला फोन पाटावर बसलेल्या जड माणसासारखा हलेनासा होतो.

ही जागा म्हणजे तरी काय? फोन उघडून पाहिला तर त्यात ना खण दिसतात ना फडताळे. दिसते ती नखाएवढी एक काळी चकती. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, कोंडून ठेवलेले असतात. कप्प्यात ते आहेत की नाहीत, यावरून 'एक' की 'शून्य' हे ठरते. मौज अशी की, फोन बंद केला तरी हे कण जागचे हलत नाहीत. या प्रकारच्या स्मृतीला 'फ्लॅश' म्हणतात. जपानमधील फुजिओ मासुओका या अभियंत्याने तिची माहिती १९८४ साली जगापुढे मांडली आणि तिचा आज फोनात असणारा प्रकार १९८७ साली पुढे आला. या स्मृतीतील मजकूर पुसावयाचा तो एकेक अक्षर करून नव्हे, तर एका झटक्यात मोठा गठ्ठाच. ते पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या दिव्याचा लखलखाट आठवला, आणि त्यावरून हे नाव पडले.

त्याआधीचा काळ पाहिला म्हणजे या नखाएवढ्या चकतीचे खरे कौतुक वाटते. १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने चकत्यांवर माहिती साठविणारे पहिले यंत्र विक्रीस काढले. त्यात पन्नास मोठ्या तबकड्या एकावर एक रचलेल्या असत. यंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात मावत असत पन्नास लक्ष अक्षरे. आज बत्तीस गिगाबाइटांचा फोन लहान समजला जातो. पण बत्तीस गिगाबाइट म्हणजे तीन हजार दोनशे कोटी बाइट! त्या प्रचंड यंत्राच्या सहा हजारांहून अधिक पट भरेल अशी ही जागा आपण खिशात बाळगतो, आणि तरीही ती आपल्याला पुरत नाही.

का पुरत नाही, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. आठ बिटांचा एक बाइट होतो. आपल्या देवनागरीतील एका चिन्हाला साधारणपणे तीन बाइट लागतात. 'मराठी' हा शब्द घ्या. म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे. म्हणजे पंधरा बाइट झाले. आता ज्ञानेश्वरी घ्या. तिच्या ओव्या सुमारे नऊ हजार. प्रत्येक ओवीत शंभर चिन्हे आहेत असे धरले, तर सारा ग्रंथ सत्तावीस लक्ष बाइटांत बसतो. दहा लक्ष बाइटांचा एक मेगाबाइट. म्हणजे संपूर्ण ज्ञानेश्वरी तीन मेगाबाइटांच्या आत आली! आणि फोनने काढलेले एक छायाचित्र? तेही बहुधा तीन-चार मेगाबाइटांचे असते. एका मिनिटाचे चलच्चित्र तर शंभर मेगाबाइटांच्या आसपास जाते. शब्दांनी जागा अडत नाही. ती अडते चित्रांनी, चलच्चित्रांनी आणि खेळांनी. शिवाय पेटीवर लिहिलेली सगळी जागा आपली नसतेच. फोन चालविणारी प्रणाली आणि तिच्याबरोबर आलेली ॲपे त्यातील मोठा वाटा आधीच घेऊन बसलेली असतात.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. परंतु ठेवावे काय आणि टाकावे काय, हे मला शिकविले माझ्या आत्याने.

आत्या सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. आतोबा टपाल खात्यात होते. साऱ्या पंचक्रोशीचे निरोप पोहोचविण्यात त्यांचे आयुष्य गेले. २०२१ साली ते वारले. तेव्हापासून आत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी याकरिता बँकेत जावे लागे. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही योजना सुरू झाली आणि २०२१ पासून तर फोनसमोर चेहरा धरूनही हा दाखला देता येऊ लागला. आत्याचे गुडघे दुखतात. तिला ही सोय म्हणजे वरदानच होते.

२०२३ च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा सातवीत शिकणारा तिचा नातू फोन घेऊन ओसरीवर बसला होता. त्याचा चेहरा त्रासलेला होता.

"काका, दाखल्याचे ॲप घ्यायचे आहे; पण हा म्हणतो जागाच नाही," तो म्हणाला. "मी सगळे पुसूनच टाकतो. एका मिनिटाचे काम."

त्याने निरोपांच्या ॲपची सेटिंग्ज उघडली होती. तिथे दोन पर्याय होते. एक 'कॅशे पुसा' आणि दुसरा 'डेटा पुसा'. दिसायला ही जुळी भावंडे. पण त्यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर. कॅशे म्हणजे ॲपने आपले काम लवकर व्हावे म्हणून हाताशी ठेवलेली कच्ची टिपणे. ती पुसली तरी पुन्हा तयार होतात. डेटा पुसला मात्र, तर त्या ॲपमधील साऱ्या संभाषणांवर पाणी पडू शकते. मुलाचे बोट दुसऱ्या पर्यायावर टेकत होते.

इतक्यात आत्या दारात येऊन उभी राहिली. "अरे, थांब," ती म्हणाली. "त्यात ह्यांचे निरोप आहेत ना?"

मुलाने झटकन बोट उचलले.

आतोबांना टंकलेखनाचा कंटाळा. आत्या लेकीकडे पुण्याला गेली म्हणजे ते फोनवर बोलून निरोप पाठवीत. असे सदतीस निरोप त्या फोनात होते. मोगऱ्याला पाणी घातले आहे. गाय व्याली, कालवड झाली. चष्मा सापडला, देवघरातच होता. कोणत्याही निरोपात काही विशेष नव्हते. पण ते सांगणारा आवाज आता जगात दुसरीकडे कोठेही नव्हता.

आम्ही तिघे ओसरीवर बसलो. पहिले काम मी केले. आतोबांचे सारे निरोप आणि घरची छायाचित्रे मी माझ्या संगणकावर उतरवून घेतली, आणि त्यांची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर केली. एक प्रत माझ्या घरी राहील, दुसरी आत्याच्या कपाटात. प्रत केली एवढ्याने भागत नाही. ती उघडते की नाही हे मूळ वस्तूला हात लावण्यापूर्वी पाहावे लागते. म्हणून मी संगणकावर एक निरोप लावला. आतोबांचा घोगरा आवाज ओसरीवर उमटला: "मोगऱ्याला पाणी घातले आहे. काळजी करू नकोस." आत्याने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता बाकीचे निवडायला घ्या."

निवडावयाचे कसे, हेही तिनेच सांगितले. आयुष्यभर सुपात धान्य पाखडलेली ती बाई! ती म्हणाली, "प्रत्येक वस्तूला एकच विचारायचे, ही पुन्हा मिळेल का? मिळणार असेल तर जाऊ दे. मिळणार नसेल तर ठेव."

इतकी सोपी चाळणी मी कोठल्याही तंत्रज्ञाकडून ऐकली नव्हती. आम्ही ती लावीत गेलो. आधी कॅशे पुसला. थोडी जागा झाली, पण पुरेशी नव्हे. मग मी सर्व वस्तू आकाराप्रमाणे लावून घेतल्या. कारण शंभर लहान चित्रे पुसण्यापेक्षा एक मोठे चलच्चित्र पुसलेले अधिक उपयोगी पडते. कोणा परक्याच्या लग्नाची लांबलचक चित्रफीत गेली. पाहून झालेला चित्रपट गेला. मग आली सुप्रभातांची पलटण! उगवता सूर्य, वाफाळलेला चहा, दवाने भिजलेले गुलाब. आणि एकच गुलाब तीन गटांतून तीनदा आलेला. हा त्रास एकट्या आत्याचा नव्हे. भरलेल्या फोनांची तक्रार आपल्या देशात इतकी सार्वत्रिक होती, की गूगल कंपनीने २०१७ च्या डिसेंबरात फोनातील अडगळ आवरण्यासाठी 'फाइल्स गो' नावाचे ॲप काढले.

"सूर्य उद्याही उगवेल," आत्या म्हणाली. सगळे सूर्य गेले.

एवढे करूनही जागेचा आकडा फारसा हलेना. मुलगा चकित झाला. तेव्हा लक्षात आले की पुसलेली छायाचित्रे अजून कचरापेटीतच पडून आहेत. चुकून काही पुसले गेले तर परत घेता यावे म्हणून फोन ती काही दिवस राखून ठेवतो. अंगण झाडले, पण केर उंबऱ्यापाशीच राहिला, तसा हा प्रकार! पेटीतील प्रत्येक वस्तू पुन्हा एकदा पाहून आम्ही ती रिकामी केली.

तरीही थोडी जागा कमी पडत होती. यादीत सर्वांत वर आता एक खेळ होता. बोटाच्या पेराएवढे त्याचे चिन्ह. पण पोट दीड गिगाबाइटांचे! तो खेळ आत्याचा नव्हता, हे सांगावयास नको. आम्ही दोघांनीही मुलाकडे पाहिले नाही. तो काही वेळ गप्प बसला. मग आपल्याशीच बोलावे तसा म्हणाला, "पुन्हा मिळेल का? हो, मिळेल." आणि त्याने स्वतःच्या हाताने तो खेळ काढून टाकला. त्या दुपारी आम्ही पुष्कळ वस्तू पुसल्या. पण टाकताना ज्याला खरोखर काही द्यावे लागले असा तो एकटाच होता.

सायंकाळी दाखल्याचे ॲप फोनात आले. मुलाने फोन आजीसमोर धरला. पडद्यावर सूचना आली, पापण्यांची उघडझाप करा. आत्याने दोन-तीनदा डोळे मिटले, उघडले. आणि ती हयात असल्याचे सरकारला कळले.

त्या रात्री मी सहज हिशेब केला. सदतीस निरोप मिळून तीन मेगाबाइटही भरत नव्हते. ज्यांच्यासाठी आत्याचा जीव कासावीस झाला होता, त्यांनी एका साध्या छायाचित्राएवढीच जागा अडविली होती. आणि ज्यांची कोणाला आठवणही नव्हती, त्यांनी सारा फोन भरला होता. फोनाला वस्तूचे वजन समजते, तिचे मोल समजत नाही. सर्वांत मोठे काय आहे ते तो एका क्षणात दाखवितो. सर्वांत मोलाचे काय, हे मात्र आपल्यालाच सांगावे लागते.

दुसऱ्या दिवशी मी निघालो, तेव्हा मुलाने विचारले, "आजी, आता चार गिगाबाइट जागा मोकळी आहे. तीत काय ठेवायचे?"

मी त्याला सांगणार होतो, की फोनाला आपली कामे करण्यासाठी थोडी रिकामी जागा लागतेच. पण आत्याने माझ्या आधीच उत्तर दिले.

"मोकळीच राहू दे की," ती म्हणाली. "उद्या कोणी पाहुणा आला, तर त्याला टेकायला जागा नको?"